वाचून झालं, पण कळलं का?

आधी ही दोन वाक्यं वाचा.

‘चिंगट भोंडूने मुरक्या टिपल्यात तीन दोमके झिरवले. त्यामुळे टिपलं घुंबाळलं.’

आता प्रश्न. भोंडूने किती दोमके झिरवले? कशात झिरवले? टिपलं का घुंबाळलं? कोणीही चटकन सांगेल: तीन, मुरक्या टिपल्यात, आणि भोंडूने त्यात दोमके झिरवले म्हणून. तीनपैकी तीन गुण. आणि भोंडू म्हणजे माणूस की बेडूक, हेही कळलेलं नाही.

पाठाखालच्या स्वाध्यायात ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘कोण कोणास म्हणाले?’ असे जे प्रश्न असतात, त्यातले बरेचसे याच जातीचे. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलायचं आणि वहीत उतरवायचं. मूल हे कौशल्य दुसरीतच शिकतं आणि चौथीपर्यंत त्यात तरबेज होतं. वही भरलेली, बरोबरच्या खुणा झालेल्या, म्हणून घरचे निश्चिंत असतात. मग सहावी-सातवीत भूगोल आणि विज्ञानाची जाड पुस्तकं येतात, दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा आणि ‘स्वमत’ येतं, आणि तेव्हा कळतं की मूल इतकी वर्षं नुसतं शब्दांवरून डोळे फिरवत होतं. तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून वाचलेलं समजून घेण्याचं, म्हणजे आकलनाचं, हे काम पहिलीपासूनच, रोज थोडं, असं करावं लागतं.

अमेरिकेत डोलोरेस डर्किन या अभ्यासक बाईंनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांचं निरीक्षण केलं होतं. १९७८-७९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकूण ४,४६९ मिनिटांपैकी आकलन कसं करायचं हे शिकवण्यात गेली होती फक्त २० मिनिटं. कळलं का हे प्रश्न विचारून तपासण्यात मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ गेला होता. तपासणं म्हणजे शिकवणं नव्हे, हा फरक आपल्याकडेही अजून नीट रुजलेला नाही. ‘समजलं का?’ असं विचारल्यावर चाळीस पोरं एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतात, त्यातून आपल्याला काहीच कळत नाही आणि त्यांनाही नाही.

आधी अडचण कुठे आहे ते बघा

मूल वाचतं पण सांगता येत नाही, अशी तक्रार असेल तर रोजच्या वाचनाच्या सवयीमागे लागण्याआधी एक साधी चाचणी करावी. दहा मिनिटं लागतात. मुलाच्या इयत्तेच्या किंवा त्याखालच्या पातळीचे, त्याने कधीच न वाचलेले दोन छोटे उतारे घ्या, प्रत्येकी ८०-१०० शब्दांचे. पहिला मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. पुस्तक मिटा आणि म्हणा, ‘काय झालं ते मला सांग.’ दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, नेहमीच्या बोलण्याच्या गतीने, आणि तेच विचारा.

ऐकलेलं नीट सांगितलं, पण स्वतः वाचलेलं सांगता आलं नाही, तर अडचण अक्षरं-शब्द ओळखण्यात आहे. मुलाची सगळी शक्ती जोडाक्षर फोडण्यात संपते, अर्थासाठी काही उरतच नाही. ऐकलेलंही सांगता आलं नाही, तर अडचण भाषेत आहे: शब्द माहीत नाहीत, वाक्यं लांब वाटतात, किंवा विषयाचीच ओळख नाही. दोन्हीचा उपाय अगदी वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की महिनेच्या महिने वाया जातात. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकाराच्या रूपात मांडलं. शब्द वाचता येणं गुणिले बोली भाषेचं आकलन म्हणजे वाचनाचं आकलन. बेरीज नाही, गुणाकार. त्यातली एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच.

परदेशातल्या मराठी घरांत पहिला प्रकार अगदी स्पष्ट दिसतो. आजीशी फोनवर तासभर गप्पा मारणारं मूल देवनागरीतल्या दोन ओळींपाशी अडखळतं. अशा मुलाला आकलनाचे प्रश्न विचारत बसू नये. त्याला अक्षरांचा सराव द्यावा आणि गोष्टी ऐकवत राहाव्यात. उलट मेळघाटात घरी कोरकू किंवा नंदुरबारकडे घरी भिली बोलणारं मूल पुस्तक घडाघडा वाचू शकतं आणि त्याला त्यातलं निम्मं कळलेलं नसतं. त्याच्याशी आधी बोलायला हवं, चित्रांवरून, वस्तूंवरून, त्याच्या भाषेतून.

शब्द अडतात ते कुठे

मराठी वाचणाऱ्या मुलाची एक खास अडचण आहे, जिच्याकडे फार कमी लक्ष जातं. मुलाला ‘विहीर’ येतं, पण ‘विहिरीजवळच्या’ पाशी ते थांबतं. ‘फूल’ येतं, ‘फुलांवरून’ अडतं. ‘पाणी’ येतं, ‘पाण्याखालच्या’ कळत नाही. शब्द तोच, पण सामान्यरूप होताना त्याची वेलांटी-उकार बदलतो आणि मागे दोन-दोन शेपट्या लागतात. उपाय सोपा आहे. बोटाने शेपटी झाका आणि उरलेलं वाचू द्या: ‘विहिरी’. मग बोट सरकवा: ‘जवळ’. आणखी सरकवा: ‘च्या’. आता विचारा, विहिरीजवळची कोण? दगड, झाड की बाई? पुढचा शब्द वाचल्याशिवाय उत्तर मिळत नाही, आणि ‘च्या’ आला की पुढे बघायचं ही सवय आपोआप लागते. रोज असे तीनच शब्द फोडावेत. दहा फोडायला घेतले की मूल कंटाळतं.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी लिहून दाखवा. एक समुद्र, दुसरीत माणूस पडतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात तर एकाला नमस्कार करायचा आणि दुसऱ्याला भाजी वाढायला सांगायची. मुलांना हे खूप आवडतं, आणि एक छोटी खूण अर्थ बदलते हे एकदा पटलं की ती खुणांकडे स्वतःहून बघायला लागतात.

गतीबद्दल एक सांगायला हवं. केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट आहे. यातला ‘अर्थासह’ हा शब्द बहुतेक ठिकाणी गळून पडतो आणि घड्याळ तेवढं उरतं. घड्याळ लावलं की मुलं पूर्णविराम गिळतात. गती हवी, कारण फार हळू वाचलं तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. पण पूर्णविरामाला थांबून, संवाद बोलल्यासारखा वाचून जेवढी गती येते तेवढीच खरी धरावी.

रोजची वीस मिनिटं

वीस मिनिटं पुरतात. पहिली-दुसरीला बाराही पुरतात. वेळ ठरवण्यापेक्षा जागा आणि प्रसंग ठरवा: संध्याकाळी भाकऱ्या होत असताना ओट्याजवळ, किंवा दिवेलागणीनंतर, किंवा शाळेत परिपाठ संपल्या संपल्या. ‘रोज सात वाजता’ हे दोन दिवस टिकतं. ‘भाकऱ्या होत असताना’ वर्षभर टिकतं, कारण भाकऱ्या रोज होतात. आठवड्यातले पाच दिवस धरा, सात नकोत. आणि वाचन हे शिक्षा म्हणून कधीच लावू नये. ‘गोंधळ केलास, आता धडा दोनदा वाच’ असं एकदा म्हटलं की महिनाभराची मेहनत पाण्यात जाते.

मजकूर छोटा निवडा. दुसरीला ४०-५० शब्द, तिसरी-चौथीला ८०-१२०, पाचवीच्या पुढे २०० पर्यंत. पहिल्या शंभर शब्दांत पाचपेक्षा जास्त ठिकाणी मूल अडलं, तर तो मजकूर आज बाजूला ठेवा. दोन महिन्यांनी परत घ्या. कुठून आणायचा? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीत २५० पेक्षा कमी शब्द. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात. वरच्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक शक्यतो घेऊ नये. पुढच्या वर्षी तोच धडा आला की मुलाला तो शिळा वाटतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते एका उताऱ्यावर दाखवते.

‘शेवंताने ओट्यावरची परात उचलली आणि ती धावतच गच्चीवर गेली. तिच्या मागोमाग किसनही आला. आजीने सकाळी पसरून ठेवलेले पापड अजून ओलसर होते. “एकावर एक ठेवू नकोस, चिकटतील,” शेवंता म्हणाली. किसनने डोंगराकडे पाहिलं. मघाशी दिसणारा देवळाचा कळस आता दिसत नव्हता. पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला, तेव्हा परातीत निम्मेच पापड आले होते.’

वाचण्याआधी दोन मिनिटं बोला. पापड कधी वाळत घालतात? कुठे? घरी कोणी केले होते का? शहरातल्या मुलाने पापड फक्त पाकिटातलेच पाहिलेले असतील, तर ते आधी सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहतं. मग मुलाने एकदा मनात वाचायचं, एकदा मोठ्याने. मनात आधी, कारण मोठ्याने वाचताना मुलाचं लक्ष आपण चुकतोय का याकडे असतं.

त्यानंतर गप्पा. इथे खरं काम आहे. एकच प्रश्न उचलण्याचा: पापड कोणी पसरले होते? तो सुरुवातीला, मुलाला धीर यावा म्हणून. मग दोन-तीन असे, ज्यांचं उत्तर एका वाक्यात सापडत नाही. शेवंता धावत का गेली? पूर्ण उताऱ्यात ‘पाऊस’ हा शब्दच नाही, मग पाऊस आला हे तुला कशावरून कळलं? कळस का दिसेनासा झाला? ‘त्याच्या नाकावर’ म्हणजे कोणाच्या? पापड आधी पसरले की परात आधी उचलली? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण उताऱ्यात परात आधी येते आणि ‘पसरून ठेवलेले’ नंतर. वाचलेल्या क्रमालाच घडलेला क्रम समजणारी मुलं इथे चुकतात. मराठीत ‘-लेला’, ‘-ल्यावर’, ‘-ताना’, ‘-ऊन’ ही रूपं काळाचा क्रम सांगतात आणि मोठ्या वाक्यांत मुलं हमखास तिथेच घसरतात. शेवटी एक प्रश्न मुलाच्या स्वतःच्या विचाराचा: उरलेल्या पापडांचं काय झालं असेल? आजी काय म्हणाली असेल?

सगळ्यात मोलाचा प्रश्न म्हणजे ‘कशावरून?’ उत्तर बरोबर असलं तरी विचारायचा आणि चुकीचं असलं तरी. फक्त चुकीला विचारला तर मुलं ‘कशावरून’ ऐकताच उत्तर बदलतात. मुलाने उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवायला हवं. आणि कधी मुलाचं उत्तर आपल्या मनातल्यापेक्षा वेगळं निघतं आणि पुरावाही बरोबर असतो. कोणी म्हणालं की कळस धुक्यामुळे दिसत नव्हता, तर ते चुकीचं नाही. थेंब पडेपर्यंत तसं वाटू शकतं. मग विचारा, थेंबानंतरही तसंच वाटतं का? वाचताना अंदाज बांधायचा आणि पुढचं वाक्य आलं की तो बदलायचा, आकलन म्हणजे नेमकं हेच.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं फार अवघड जातं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात एक ते पाच मोजा. पहिल्या आठवड्यात ही शांतता दोघांनाही जड वाटते, नंतर मुलाला कळतं की उत्तर आयतं मिळणार नाही.

मोठ्याने वाचताना प्रत्येक चुकीला टोकू नये. ‘गच्चीवर’ ऐवजी ‘माडीवर’ वाचलं तर अर्थ शाबूत आहे, तेव्हा पुढे जाऊ द्या आणि नंतर दाखवा. ‘चिकटतील’ ऐवजी ‘चिकटले’ वाचलं तर अर्थ बदलला. वाक्य संपू द्या आणि मग विचारा, ‘पापड चिकटले होते का?’ मूल स्वतः मागे जाऊन बघेल. मागे जाऊन बघणं ही चांगल्या वाचकाची खूण आहे, पण वर्गात आपण तिला अडखळणं समजतो.

शेवटची दोन-तीन मिनिटं लिहिण्याची, तीही दोनच ओळी: आज कोणतं वाक्य अडलं होतं आणि ते कसं सुटलं. किंवा एक चित्र. ‘या गोष्टीचं तात्पर्य लिही’ हे तर नकोच. प्रत्येक गोष्टीला बोध असतोच असं नाही, आणि रोज तात्पर्य मागितलं की मुलं गोष्ट न वाचताच ‘खरे बोलावे’ लिहून मोकळी होतात.

स्वतःला वाचता येत नसेल तर

अनेक आयांना वाटतं की आपण शिकलेलो नाही, आपल्याकडून हे व्हायचं नाही. खरं तर वाचू न शकणारी आई किंवा आजी या कामात शिक्षकापेक्षाही उजवी ठरू शकते. शिक्षकाला उत्तर माहीत असतं हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून ते अर्धवट सांगून सुटतं. आजीला खरंच माहीत नसतं. तिला सांगायचं तर कोण, कुठे, का, सगळं सांगावं लागतं. ‘तो गेला’ म्हटलं की ती विचारणारच, ‘कोण गेला रे?’ आजीला एवढंच सांगून ठेवा: मधे ‘मग काय झालं?’ न म्हणता ‘असं का केलं त्याने?’ असं विचारा. ‘मग काय’ने मुलं ‘आणि मग, आणि मग’ अशी माळ लावतात. ‘असं का’ म्हटलं की कारणं शोधायला लागतात. सांगणं घरच्या बोलीत असू द्या, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कुठलीही. ‘असं नाही, शुद्ध बोल’ म्हणून अडवलं की मूल अर्थ सोडून शब्दांकडे बघायला लागतं.

न कळल्याचं कळणं

लहान मुलांना आपल्याला कळलेलं नाही हेच कळत नाही. प्रत्येक शब्द ओळखीचा वाटला की त्यांना वाक्य कळल्यासारखं वाटतं. यावर एक खेळ आहे, आठवड्यातून दोनदा पुरे. चांगल्या उताऱ्यात एक विसंगत वाक्य घुसवायचं. ‘अमावास्येची रात्र होती. टिपूर चांदण्यात पायवाट स्वच्छ दिसत होती.’ किंवा ‘बाजार दर मंगळवारी भरतो. रविवारच्या बाजारासाठी बाबा पहाटेच निघाले.’ पहिल्या वेळी मुलांना सांगा की एक गडबड लपवली आहे. चार-पाच वेळा झालं की सांगू नका. काही दिवसांनी तर गडबड नसलेला उतारा द्या, म्हणजे मुलं उगाचच चूक काढण्याऐवजी खरंच वाचतील.

याच्या जोडीला पेन्सिलीचा ठिपका. जिथे कळलं नाही तिथे ओळीखाली ठिपका द्यायचा. ठिपके मोजून शाबासकी द्यावी, कमी असल्याबद्दल नाही तर दिल्याबद्दल. कोरं पान आणणारं मूल बहुधा सगळ्यात कमी वाचलेलं असतं. मग प्रत्येक ठिपक्याचं काय करायचं हे शिकवा: एक ओळ मागे जा, परत वाच, नाहीतर एक ओळ पुढे जा, तरीही नाही सुटलं तर विचार. या क्रमाने, आणि विचारणं शेवटी. मोबाइलवर शब्दाचा अर्थ बघणं त्याच्याही नंतर.

शब्दार्थ वहीत उतरवून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्याचा फारसा उपयोग नाही. ‘कळस – शिखर’ असं लिहिलं, आणि मुलाला शिखरही माहीत नसेल, तर हाती काय आलं? दिवसाला दोनच शब्द घ्या. उताऱ्यावरून अर्थाचा अंदाज, मग खरा अर्थ, मग मुलाने स्वतःच्या तीन वाक्यांत तो वापरायचा. पुढच्या आठवड्यात तो शब्द गप्पांमध्ये मुद्दाम आणायचा. महिन्याला चाळीस शब्द झाले, आणि ते राहतात.

शब्दांच्याही मागे असतं ते जगाबद्दलचं माहीत असणं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अभ्यासकांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला सांगू शकली. आपल्याकडे कबड्डी घ्या. ‘शेवटचा गडी उरला होता, पुढच्या चढाईत लोण पडणार हे उघड होतं’ हे वाक्य मैदानावर खेळणाऱ्या मुलीला एका दमात कळतं, मग भाषेत तिला कितीही कमी गुण असोत. म्हणून एक आठवडा एकच विषय घ्यावा. पाच दिवस पाच वेगळे मजकूर, पण सगळे मधमाश्यांवर, किंवा सगळे धरणावर. सोमवारी अडलेला शब्द गुरुवारी ओळखीचा होऊन येतो आणि शुक्रवारचा उतारा, खरं तर जरा अवघड असूनही, मूल सहज वाचतं. रोज नवा विषय दिला की रोज पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

गोष्टींच्या बाहेर

फक्त गोष्टी वाचणाऱ्या मुलाला माहितीचा मजकूर जड जातो. आठवड्यातला एक दिवस घरात पडलेल्या कागदांना द्या. लग्नपत्रिकेइतका सुंदर आकलनाचा उतारा शोधून सापडणार नाही. लग्न कोणाचं आहे? ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ म्हणजे काय? बोलावणं कोणाचं आलंय, मुलीकडचं की मुलाकडचं, आणि ते कशावरून कळलं? मुहूर्त गोरज आहे, आणि स्नेहभोजन दुपारी १२ ते ३, मग जेवण लग्नाआधी की नंतर? आपल्या घरातून किती वाजता निघायला हवं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पत्रिकेत नाही, पण पत्रिका वाचल्याशिवाय येतही नाही.

एसटी स्थानकावरचा फलकही तसाच. ‘मार्गे’ म्हणजे काय, ‘विनाथांबा’ गाडीने मधल्या गावाला उतरता येईल का? ओआरएसच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात मिसळा आणि केलेलं पाणी २४ तासांत वापरा. विचारा, काल सकाळी ८ ला केलेलं आज दुपारी चालेल का? पुस्तकात गप्प बसणारी काही मुलं इथे खुलतात, कारण या वाचण्याचा उपयोग त्यांना समोर दिसतो.

वर्गात तीस मुलं असतील तेव्हा

द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलासोबत वीस मिनिटं बसता येत नाही. तिथे चार-चारचे गट आणि चार चिठ्ठ्या उपयोगी पडतात. यामागची चार कामांची कल्पना अ‍ॅनेमारी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राऊन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडली. एका मुलाने पुढे काय होईल याचा अंदाज सांगायचा, एकाने प्रश्न विचारायचा, एकाने अडलेलं सोडवायचं, एकाने थोडक्यात सांगायचं. एक परिच्छेद झाला की चिठ्ठ्या डावीकडे सरकतात. उतारा फळ्यावर लिहिला तरी चालतो, पुस्तकं हवीतच असं नाही.

हे फसतं ते एकाच कारणाने. पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या वाटल्या जातात. आधी दोन-तीन आठवडे शिक्षकाने फळ्यासमोर उभं राहून स्वतः मोठ्याने विचार करून दाखवायला हवा: ‘इथे “तरी” आलंय, म्हणजे आता उलटं काहीतरी येणार… हा “तो” कोण बरं, मागे बघते…’ ‘म्हणून’, ‘तरी’, ‘मात्र’, ‘उलट’ या शब्दांपाशी थांबून दाखवलं की मुलं ते थांबे शिकतात. ते न करता चिठ्ठ्या दिल्या की प्रश्नवाला ‘गोष्टीत कोण कोण आहे?’ हाच प्रश्न रोज विचारतो आणि थोडक्यात सांगणारा पूर्ण परिच्छेद परत वाचून दाखवतो. थोडक्यात सांगण्यासाठी बोटांचा नियम द्या: एका हाताची पाच बोटं, पाच वाक्यं, त्याहून जास्त नाही. सामूहिक वाचन आठवड्यातून एकदाच, लय यावी म्हणून. रोज केलं तर मागच्या बाकावरची चार मुलं फक्त ओठ हलवतात आणि त्यांचा पत्ता वर्षअखेरपर्यंत लागत नाही.

महिन्याची नोंद

महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकेकट्याने बसवून सात-आठ मिनिटं द्या. वर्गात रोज दोन मुलं घेतली तर तीस मुलं महिन्यात होतात. नवा उतारा घ्या, पातळी तीच. मोबाइलवर आवाज मुद्रित करा. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते लिहा. मग पुस्तक मिटून सांगायला लावा आणि आधीच स्वतः काढून ठेवलेल्या आठ मुद्द्यांपैकी किती आले ते मोजा. शेवटी एक ‘कशावरून’ प्रश्न. तीनच आकडे, एका ओळीत, तारखेसह.

गती वाढली आणि मुद्दे कमी झाले, तर घड्याळ महिनाभर बाजूला ठेवा आणि मनात वाचन वाढवा. गती तीच आणि मुद्दे वाढले, तर काम बरोबर चाललं आहे, घाई करू नका. दोन्ही तिथेच थांबले असतील तर आधी बाई किंवा गुरुजींनी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यायला घरच्यांना सांगावं. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं स्वतःहून सांगत नाहीत. आणि पुढच्या महिन्यात तोच उतारा परत वापरू नका. एका मुलाने वाचला की मधल्या सुट्टीत तो सगळ्या वर्गाला ठाऊक झालेला असतो.